‘कोलॅब शूट’ला मॉडेल ऐनवेळी टांग का देतात? पनवेलच्या नवख्या फोटोग्राफरसाठी हायकोर्टात गेलेल्या एका फोटोचा धडा

रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. पनवेलच्या वडाळे तलावावर कोवळं ऊन उतरतंय. कॅमेऱ्याची बॅटरी रात्रीच चार्ज केलेली, लेन्स मित्राकडून मागून आणलेली. सात वाजतात, साडेसात होतात. मेसेजवर दोन निळ्या टिक दिसतात, पण उत्तर येत नाही. आठला ऊन कडक होतं आणि मग फोन वाजतो: ‘सॉरी, आज नाही जमणार.’

पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकायला लागलेल्या कुणालाही विचारा, अशी एखादी सकाळ त्याच्या किंवा तिच्या वाट्याला आलेली असते. लग्नाच्या फोटोग्राफीत नवरा-नवरी पळून जात नाहीत, पक्ष्यांच्या फोटोग्राफीत पक्ष्याची परवानगी लागत नाही. पोर्ट्रेटमध्ये मात्र समोर एक माणूस लागतो आणि तो स्वतःच्या मर्जीने यावा लागतो. त्यामुळे दोन-तीनदा असं झालं की ‘आजकालचे मॉडेल भरवशाचे नाहीत’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो.

आता हाच प्रश्न कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूने विचारू. एका अनोळखी माणसाने इन्स्टाग्रामवर ‘फ्री शूट करूया का?’ असा डीएम केला, तर समोरच्या व्यक्तीने त्याच्यावर भरवसा का ठेवावा? फोटो कुठे जाईल, कोण वापरेल, त्याचं पुढे काय होईल, याची हमी कोण देणार? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणामुळे ही भीती किती खरी आहे, हे सगळ्यांनाच दिसलं.

हायकोर्टात गेलेलं प्रकरण काय होतं?

महाराष्ट्रातल्या एका महिलेने उच्च न्यायालयात याचिका केली. तिचं म्हणणं असं की, ओळखीच्या एका फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर टाकला. तिथून तो उचलला गेला आणि महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक, ओडिशा या राज्यांच्या सरकारी जाहिरातींत, एका राजकीय पक्षाच्या प्रचारसाहित्यात आणि काही खासगी जाहिरातींत झळकला. जिचा तो चेहरा होता तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मोबदला मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा विषय गंभीर असल्याचं म्हटलं. सोशल मीडियाच्या काळात एका महिलेच्या फोटोचा तिच्या नकळत व्यावसायिक वापर झाल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, अशी नोंद करून न्यायालयाने संबंधित सरकारांसह सर्व प्रतिवादींकडून उत्तर मागितलं.

या प्रकरणातला फोटोग्राफर कुणी परका माणूस नव्हता, ओळखीचा होता, हे लक्षात घ्या. फोटोही चोरून काढलेला नव्हता. गडबड झाली ती त्यानंतर. फोटो काढायला ‘हो’ म्हणणं आणि तो वापरायला ‘हो’ म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिल्या ‘हो’मध्येच दुसरा ‘हो’ धरून चालतात.

हे फक्त भारतात घडतं असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलीचा फोटो असाच ओळखीतल्या माणसाने काढून फ्लिकरवर खुल्या परवान्याखाली टाकला होता. तो थेट ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोहोचला. कुटुंबाने अमेरिकेत दावा लावला, पण ऑस्ट्रेलियातल्या कंपनीवर आपलं अधिकारक्षेत्र चालत नाही, असं तिथल्या कोर्टाने सांगितलं. फोटोग्राफरचा परवाना होता, मुलीची संमती मात्र कुणीच घेतली नव्हती.

भीती आता जास्त का वाटते?

पूर्वी फोटोचा गैरवापर म्हणजे तो भलत्या जागी छापला जाणं. आता एआयमुळे साध्या फोटोवरून अश्लील फोटो बनवायला काही मिनिटं पुरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अभिनेत्री गिरिजा ओक यांची निळ्या साडीतली मुलाखत देशभर व्हायरल झाली. कौतुक झालं, ‘नॅशनल क्रश’ म्हणून मीम्स आले आणि पाठोपाठ त्यांच्या चेहऱ्याचे एआयने बनवलेले आक्षेपार्ह फोटोही फिरू लागले. आपला मुलगा उद्या हे फोटो बघेल याची काळजी त्यांनी व्हिडिओ करून बोलून दाखवली.

त्या नावाजलेल्या अभिनेत्री आहेत, त्यांच्या बोलण्याची बातमी झाली. कामोठ्यात राहणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर हीच वेळ आली तर बातमी होणार नाही. घरचे फोन काढून घेतील, शेजारी बोलतील. ‘फक्त चार फोटोच तर काढायचेत’ असं फोटोग्राफर म्हणतो तेव्हा त्याची जोखीम एक सकाळ वाया जाण्याएवढी असते. समोरच्या व्यक्तीची जोखीम यापेक्षा कितीतरी मोठी असते. टांग मिळण्याचं एक मोठं कारण या असमान जोखमीत आहे.

मग ऐनवेळी नकार का येतो?

आधी ‘हो’ म्हणणारी व्यक्ती शेवटच्या क्षणी का फिरते, याची साधारण पाच कारणं दिसतात.

पहिलं, तिला नक्की काय करायचंय तेच माहीत नसतं. ‘भेटू, मस्त फोटो काढू’ एवढ्यावर कुणी पहाटे उठत नाही.

दुसरं, घरी सांगितलेलं नसतं. रात्री आईने ‘कोण आहे हा? कुठे बोलावलंय?’ असं विचारलं की उत्तर नसतं आणि बेत तिथेच मोडतो.

तिसरं, फुकट कामाची पाळी नेहमी शेवटी येते. त्याच दिवशी पैसे देणारं काम, क्लास किंवा घरचा कार्यक्रम आला की कोलॅब शूट मागे पडतं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आपणही तेच केलं असतं.

चौथं, प्रवास. पनवेल हार्बर मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे. मुंबईहून येणाऱ्याचा येण्याजाण्यातच अर्धा दिवस जातो आणि त्यात रविवारी मेगाब्लॉक असला तर विचारायलाच नको.

पाचवं, आधीचा अनुभव. कुणीतरी फोटो काढले आणि दोन महिने दिलेच नाहीत. किंवा न विचारता भलताच फोटो पोस्ट केला. तुमच्या आधीच्या फोटोग्राफरने मोडलेल्या विश्वासाची किंमत तुम्ही मोजत असता.

या पाचपैकी बहुतेक कारणांवर उपाय फोटोग्राफरच्या हातात आहे. म्हणजे भरवशाचा मॉडेल ‘सापडणं’ हा नशिबाचा भाग कमी आणि तुमच्या तयारीचा भाग जास्त आहे.

फुकट काम करायचं की पैसे द्यायचे?

आपण ज्याला ‘कोलॅब’ म्हणतो, त्याला फोटोग्राफीच्या जगात ‘टीएफपी’ असं जुनं नाव आहे. मॉडेलने वेळ द्यायचा, फोटोग्राफरने त्याबदल्यात फोटो द्यायचे. सौदा वाईट नाही, पण दोघांनाही त्या फोटोंची सारखीच गरज असेल तरच तो टिकतो. ज्याला पोर्टफोलिओ बनवायचाय, ऑडिशनला फोटो पाठवायचेत किंवा स्वतःचा छोटा धंदा आहे, त्याला तुमचे फोटो उपयोगी पडतात. ज्याला ते नकोच आहेत, त्याच्याकडून तुम्ही फुकट काम करून घेताय.

मॉडेल म्हणून बसणं हे कष्टाचं काम आहे, याची जाणीव आपल्याकडे उशिरा झाली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची. तिथे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर तासन् तास स्थिर बसणाऱ्या मॉडेलच्या आयुष्यावर रवी जाधव यांनी ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट केला. २०१७ च्या इफ्फीतून तो ऐनवेळी वगळला गेला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातली आई आपण काय काम करतो हे मुलापासून लपवते. तरीही ती रोज कामावर जाते. ठरलेली वेळ, ठरलेली मजुरी आणि सुरक्षित खोली या गोष्टी तिथे आहेत.

नवख्या फोटोग्राफरला एवढी व्यवस्था उभी करता येणार नाही. पण त्यातला थोडा भाग नक्की जमतो. मोठी फी परवडत नसेल तर निदान रिक्षा-ट्रेनचं भाडं आणि नाश्ता तुमच्याकडून असू द्या. हे आधीच सांगा. दोनशे रुपयांचा प्रश्न असला तरी ‘माझ्या वेळेची या माणसाला किंमत आहे’ हा निरोप पोहोचतो. आणि फोटो तुम्ही एखाद्या ब्रँडला किंवा स्टॉक साइटला विकणार असाल तर ते कोलॅब राहत नाही. तिथे पैसे ठरवूनच घ्यायला हवेत.

पनवेलमध्ये शोधायचं कुठे?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. तिच्या हद्दीत जुन्या पनवेलसोबत नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर असा मोठा पट्टा येतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. माणसं वाढली, तशी बुटिक, कॅफे, मेकअप स्टुडिओ, डान्स क्लास अशी छोटी दुकानंही वाढली. या सगळ्यांना फोटो लागतात. म्हणजे ‘मॉडेल पाहिजे’ अशी स्टोरी टाकून वाट पाहण्यापेक्षा ज्यांना फोटोची गरज आहे त्यांच्यापर्यंत जाणं जास्त शहाणपणाचं.

खारघरला ‘निफ्ट’चं मुंबई केंद्र आहे. फॅशन डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः केलेल्या कपड्यांचे चांगले फोटो हवे असतात. ते कपडे आणतात, बऱ्याचदा ते घालणारी मैत्रीणही आणतात. इथे शूट फक्त तुमचं राहत नाही, त्यांच्या असाइनमेंटचंही होतं. त्यामुळे टांग मिळण्याची शक्यता आपोआप कमी होते.

दुसरी जागा नाटकवाल्यांची. पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, अटल करंडक एकांकिका स्पर्धा इथे भरते, कॉलेजांतून एकांकिकांचे गट आहेत. या मुलामुलींना तालमीची सवय असते, म्हणजे वेळेवर येण्याची सवय असते. कॅमेऱ्यासमोर चेहऱ्याचं काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. ऑडिशनसाठी साध्या, स्वच्छ चेहऱ्याचे फोटो त्यांना सतत लागतात.

तिसरी, मेकअप आर्टिस्ट. नवीन मेकअप आर्टिस्टला स्वतःचं काम दाखवायला फोटो हवेत आणि सरावासाठी तिच्याकडे चेहरे असतात. ती सोबत असली की शूटला एक तिसरी व्यक्ती असते. घरच्यांनाही ते बरं वाटतं.

चौथी जागा सगळ्यात जवळ आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तुमचं घर. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही पोर्ट्रेट फोटोग्राफीच्या इतिहासातली मोठी बाई. जन्म १८१५, कोलकात्याचा. ४८ व्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला तेव्हा तिची फोटोग्राफी सुरू झाली. तिने कुणाचे फोटो काढले? घरात काम करणाऱ्या मेरी हिलियरचे, भाची ज्युलिया जॅक्सनचे, शेजारी राहणाऱ्यांचे. शेजारी कवी टेनिसन होते ही गोष्ट वेगळी. अमेरिकन फोटोग्राफर निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दर वर्षी आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एकत्र फोटो काढला. चाळीसहून जास्त वर्षं त्या चौघी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. याहून भरवशाचे मॉडेल कुठे मिळणार?

आजीचा खिडकीतल्या उजेडातला चेहरा, मासळी विकणारी ओळखीची मावशी, गल्लीतले टेलरकाका. यांच्यावर सराव करा. (त्यांचीही परवानगी लागतेच. उच्च न्यायालयात गेलेली महिलाही कुणाच्या तरी ओळखीचीच होती.) असे पाच-सहा चांगले पोर्ट्रेट तुमच्या पेजवर असले की अनोळखी व्यक्तीला विचारताना दाखवायला काहीतरी असतं. रिकाम्या पेजवरून आलेला ‘फ्री शूट’चा मेसेज आणि कामाने भरलेल्या पेजवरून आलेला मेसेज यात फार फरक पडतो.

विचारायचं कसं?

‘हाय, फोटोशूट करणार का?’ हा मेसेज वाचून बहुतेक जण पुढे जातात. त्यापेक्षा असं लिहून पाहा:

‘नमस्कार. मी खांदा कॉलनीत राहतो, पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकतोय. माझं काम पेजवर बघता येईल. रविवारी सकाळी ७ ते ९ वडाळे तलावावर साध्या साडीतले किंवा कुर्त्यातले पोर्ट्रेट काढायचा विचार आहे. माझी बहीण सोबत असेल, तुम्हीही कुणाला तरी जरूर आणा. येण्याजाण्याचं भाडं मी देईन. दहा एडिट केलेले फोटो दहा दिवसांत पाठवेन. तुम्ही ‘हो’ म्हटलेलेच फोटो पोस्ट करेन. विचार करून सांगा, नाही म्हणालात तरी चालेल.’

यात कोण, कुठे, किती वेळ, कपडे कोणते, सोबत कोण, बदल्यात काय आणि फोटोंचं पुढे काय, सगळं आलं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला मोकळेपणाने नाही म्हणता येतं, तो आधीच नाही म्हणतो आणि तुमची सकाळ वाचते. ज्याला नाही म्हणायला संकोच वाटतो, तो ‘हो’ म्हणतो आणि ऐनवेळी गायब होतो.

पहिल्याच शूटला कर्नाळ्याच्या जंगलात किंवा कुणाच्या रिकाम्या फ्लॅटवर बोलावू नका. जागा कितीही सुंदर असली तरी पहिल्या भेटीची जागा माणसांच्या वर्दळीची हवी. तलावाचा काठ, खारघरचं सेंट्रल पार्क, ओळखीचा कॅफे. अभयारण्यात किंवा रेल्वे स्टेशनवर व्यावसायिक शूटसाठी तशीही परवानगी लागते. सुरक्षारक्षकाने मध्येच हाकललं की मॉडेलसमोर तुमचा उरलासुरला भरवसाही जातो.

कायदा काय सांगतो?

चार गोष्टी नवख्या फोटोग्राफरला आणि मॉडेललाही माहीत हव्यात.

एक, फोटो कुणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साधारणपणे फोटो काढणारा त्याचा पहिला मालक असतो. पण कलम १७ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे मॉडेलने पैसे देऊन पोर्टफोलिओ करून घेतला तर ते फोटो तिचे. कोलॅबमध्ये, जिथे तुम्ही स्वतःहून शूट करताय आणि कुणी मोबदला दिलेला नाही, तिथे मालकी सहसा फोटोग्राफरकडे राहते. वाद नको असेल तर ते लिहून ठेवणं उत्तम.

दोन, मालकी म्हणजे हवा तसा वापर नव्हे. फोटो तुमचा असला तरी चेहरा तिचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं पुट्टास्वामी खटल्यात स्पष्ट केलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. ओळख पटेल असा फोटो हाही वैयक्तिक डेटा असू शकतो. घरगुती वापराला या कायद्यात सूट आहे, धंद्यासाठीच्या वापराला तशी सूट नाही.

तीन, खासगी क्षणांच्या फोटोंबाबत कायदा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये महिलेच्या खासगी कृतीचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. तिने फोटो काढायला संमती दिली होती, पण इतरांना दाखवायला नाही, तरीही तो पसरवणं गुन्हाच ठरतं, असं कायद्यात स्पष्टपणे लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. म्हणजे ‘काढणं’ आणि ‘वापरणं’ यांची परवानगी वेगळी, हे तत्त्व कायद्यातही आहे.

चार, वय. भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात असतात, त्यामुळे मोठी वाटतात. पण त्यांनी केलेली सही उपयोगाची नाही. आई-वडिलांची लेखी संमती आणि प्रत्यक्ष हजेरी, दोन्ही असेल तरच शूट करा. शंका असेल तर वय आधी विचारा.

संमतीपत्र म्हणजे काय, आणि त्यात काय लिहायचं?

‘मॉडेल रिलीज’ म्हणजे फोटो कुठे आणि कशासाठी वापरायचा याची मॉडेलने दिलेली लेखी परवानगी. स्टॉक वेबसाइट ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो जाहिरातीसाठी विकायला घेताना हा कागद मागतात. इंटरनेटवर इंग्रजीत त्याचे भरपूर नमुने मिळतात. अडचण अशी की त्यातले बरेच ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ अशा भाषेत असतात. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेणं म्हणजे विश्वास मिळवणं नव्हे.

एक पान मराठीत लिहा. दोघांची नावं, शूटची तारीख आणि जागा. बदल्यात काय मिळणार: किती फोटो, किती दिवसांत, भाडं किती. (बदल्यात काहीच लिहिलं नाही तर करार कायद्यापुढे लंगडा पडतो.) मग वापर, एकेका ओळीत, पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ची चौकट: माझ्या इन्स्टाग्राम पेजवर, वेबसाइटवर, स्पर्धेत किंवा प्रदर्शनात, जाहिरातीसाठी, स्टॉक साइटवर विक्रीसाठी, एआयने चेहरा किंवा शरीर बदलण्यासाठी. शेवटच्या दोन ओळींत ‘नाही’ येईल, येऊ द्या. पोस्ट केलेला फोटो नंतर काढून टाकायला सांगितलं तर किती दिवसांत काढणार, हेही लिहा. दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक प्रत.

हा कागद शूटच्या दिवशी पुढे करू नका, दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घरी आईने ‘कोण आहे हा?’ असं विचारलं की दाखवायला तिच्याकडे काहीतरी असेल.

शूटच्या दिवशी आणि नंतर

आदल्या संध्याकाळी एक मेसेज करा: वेळ, नेमकी जागा, मेगाब्लॉक आहे का. ‘सगळं ठीक आहे ना? काही बदल असेल तर आत्ता सांगा, हरकत नाही.’ पावसाळ्यात दुसरी तारीख आधीच ठरवून ठेवा.

कपडे बदलायला जागा कुठे आहे ते आधी बघून ठेवा. पोज देताना हात लावून दुरुस्त करू नका, स्वतः करून दाखवा किंवा तोंडी सांगा. ठरलेले कपडे आणि ठरलेली वेळ यात ऐनवेळी बदल सुचवू नका. मधूनमधून स्क्रीनवर फोटो दाखवा आणि तिला नको असलेला फोटो तिथेच तिच्यासमोर डिलीट करा. तो एक फोटो जातो, पण ती व्यक्ती पुढच्या वेळी येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फोटो सांगितलेल्या तारखेला द्या. दहा दिवस म्हटलं असेल तर नवव्या दिवशी. पनवेल-खारघर पट्ट्यातलं कलाकारांचं वर्तुळ काही फार मोठं नाही. ‘फोटो वेळेत देतो, न विचारता काही टाकत नाही’ एवढी ख्याती झाली की एका मॉडेलकडून दुसरी, तिच्याकडून तिसरी अशी माणसं येत जातात. उलटी ख्यातीही तेवढ्याच वेगाने पसरते.

एवढं करूनही कुणीतरी टांग देईलच. एकदा झालं तर कारण असेल म्हणून सोडून द्या. त्याच व्यक्तीने दुसऱ्यांदा न कळवता टांग दिली तर शांतपणे यादीतून नाव काढा. स्टोरी टाकून बदनामी करू नका, कारण ती स्टोरी तुमचे पुढचे दहा मॉडेल वाचत असतात.

तुम्ही मॉडेल असाल तर?

फोटोग्राफरचं आधीचं काम बघा आणि त्या फोटोंतल्या एखाद्या व्यक्तीला थेट मेसेज करून अनुभव विचारा. सोबत कुणालाही आणू नका असं सांगितलं, काम मिळवून देण्यासाठी आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले, जागा शेवटच्या क्षणी बदलून हॉटेलची खोली किंवा फार्महाउस झाली, किंवा कागद मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर सरळ नाही म्हणा. फोटोचा गैरवापर झालाच तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, जवळच्या पोलीस ठाण्यातही. तातडीची मदत हवी असेल तर ११२.

उच्च न्यायालयात गेलेल्या त्या महिलेचा फोटो काढायला काही क्षण लागले असतील. ‘हा फोटो मी साइटवर टाकू का?’ असं विचारायला तेवढाच वेळ लागला असता. तिने कदाचित नाही म्हटलं असतं आणि विकायला एक फोटो कमी झाला असता, एवढंच. येत्या रविवारी वडाळे तलावावर कुणी यावं असं वाटत असेल, तर आज रात्रीच तो प्रश्न लिहून पाठवा.